सरूबाईला मंचरला जायचं होतं

साळुबाईच्या डाव्या अंगावरून वारं गेलं, वाचा बसली आणि तिला मंचरच्या दवाखान्यात ठेवलंय, हे सरूबाईला कळलं ते एका मंगळवारी दुपारी. फोन सुनेच्या, आरतीच्या मोबाइलवर आला होता. साळुबाईचा मुलगा अमृत बोलत होता. आरती ओसरीवर उभी राहून नुसती "व्हय का... अरे देवा... कधी?" असं म्हणत होती, आणि समोर खाटेवर बसलेली सरूबाई तिच्या तोंडाकडं बघत होती. कान थोडे मंद झाले होते, पण तोंड बघून तिला अर्धं कळत असे.

"मला न्या," फोन ठेवल्या ठेवल्या ती म्हणाली.

"परवा गुरुवार हाय आई, ह्यांना सुट्टी असती. गाडीतनं जाऊ. आता लगेच कशानं जाणार?"

तसं बोरी बुद्रुकपासून मंचर काही परदेशात नाही. मळ्यातून फाटा, फाट्यावरून नारायणगाव, नारायणगावातून मंचर. मोटारीनं तासाभराची वाट. पण सत्त्याहत्तर वर्षांची बाई, खुब्यात सळई घातलेली, तिला मळ्यातून फाट्यापर्यंत पोचवायलाच कुणीतरी लागत होतं. पुढचं पुढं.

सरूबाई मूळची येडगावची, धरण व्हायच्या आधीची. तिच्या लहानपणी कुठं जायचं म्हणजे चालत जायचं, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. आई रोजानं दुसऱ्यांच्या रानात जायची, म्हणून धाकटी साळू कायम सरूच्या कडेवर. दोघींत दहा वर्षांचं अंतर. नदीवर धुणं घेऊन जायचं तर साळू कडेवर, सरपणाला जायचं तर साळू कडेवर, नारायणगावच्या जत्रेला गेली तेव्हाही साळू कडेवरच. जत्रेत पाळण्यात बसायचं म्हणून हट्ट केला, तर आईनं दोघींना मिळून एकाच जागेवर बसवलं. पाळणा वर गेला तशी साळूनं भिऊन सरूच्या दंडाला चावा घेतला. तो वळ आठवडाभर राहिला होता, आणि सरू तो मैत्रिणींना दाखवत फिरली होती.

लग्न होऊन सरू बोरीला आली ती बैलगाडीतून. वाटेत नदीचा उतार लागला, तिथं बैल अडले, वऱ्हाडी उतरून चाकाला भिडले, आणि नवी नवरी गाडीत बसून हमसून हमसून रडत राहिली. पुढं येडगावला धरण झालं, ती जुनी गाडीवाट पाण्याखाली गेली आणि माहेरी जायला मोठा वळसा पडायला लागला. त्यानंतर आई गेली, मग वडील गेले. भाऊ नव्हताच. माहेर असं राहिलं नाही. साळूचं लग्न आंबेगाव तालुक्यात झालं होतं, मंचरच्या पुढं आत एका खेड्यात. दोघी बहिणी दोन तालुक्यांत, आणि मध्ये दिवाळी-पंचमीला धरून वर्षातून दोनदा भेट.

सरूबाईचा नवरा सयाजी हा मनानं चांगला, पण कामाला लई चिकट माणूस. त्यानं सायकल घेतली ती दूध घालायला. दोन बाजूंना दोन किटल्या अडकवल्या की बायकोला बसायला जागा नसे. ती मागून चालत यायची. मग एम-एटी गाडी आली. पुढं मुलगा सुनील उभा, मधे सयाजी, मागं सरूबाई आणि तिच्या मांडीवर गाठोडं, अशी ही वरात लग्नकार्याला निघायची. मागं बसणाऱ्याला रस्ता समोरून कधी दिसत नाही. सयाजीच्या खांद्याच्या उजव्या बाजूनं जेवढं दिसेल तेवढंच जग तिनं पंधरा वर्षं पाहिलं. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. नवऱ्याच्या मागं बसून जाते याचाच तिला मान वाटे.

एकटीनं प्रवास करायची पाळी आली तेव्हा ती सेहेचाळीस वर्षांची होती. सयाजीच्या पाठीचं दुखणं वाढलं, भाजी घेऊन बाजारला जाणारं दुसरं कुणी नव्हतं. पहिल्या दिवशी गावातून निघणाऱ्या सकाळच्या एसटीत ती मेथीच्या दोन पाट्या घेऊन चढली आणि कंडक्टरनं "कुठं?" विचारल्यावर तिच्या तोंडून शब्द फुटेना. मागची बाई म्हणाली, "नारायणगाव म्हणा की!" तेव्हा ती म्हणाली. तिकीट तिनं मुठीत इतकं घट्ट धरलं की उतरेपर्यंत घामानं त्याचा लगदा झाला.

पण महिन्याभरात ती सराईत झाली. ड्रायव्हरच्या मागची तिसरी खिडकी तिची ठरली. पाट्या टपावर चढवायला कुणाला हाक मारायची, कुठल्या वळणावर पुढच्या दांड्याला धरायचं, कुठल्या कंडक्टरला कोथिंबिरीची जुडी दिली की तो परतीला दोन मिनिटं गाडी थांबवतो, सगळं तिला पाठ. आणि मग तिनं साळूला निरोप धाडला. साळू बाजाराच्या दिवशी मंचरहून गाडीनं नारायणगावला यायला लागली. भाजी खपली की दोघी स्टँडवर भेटायच्या. प्रवाशांसाठी सिमेंटचा लांब बाक होता, त्याच्या टोकाला बसायच्या. साळू घरून काहीतरी करून आणायची, कधी धपाटी, कधी तिळाची चटणी. एक तास, कधी सव्वा तास. सासूचं, जावेचं, पोरांचं, गुडघ्यांचं, सगळं त्या तासात बोलून व्हायचं. एकदा साळू म्हणाली, "आक्का, आपलं म्हायार आता हितंच बघ." सरूबाई हसली, पण ते खरं होतं. सव्वीस वर्षं दोघींनी त्या बाकावर माहेरपण केलं. सयाजी गेला त्या वर्षी तीन महिने सरूबाई बाजारला गेली नाही, तर साळू प्रत्येक बाजारी येऊन, बाकावर तासभर एकटी बसून परत जात होती. हे सरूबाईला नंतर स्टँडवरच्या रसवंतीवाल्यानं सांगितलं.

मग घरोघर मोटारसायकली आल्या. सुनीलनं घेतली तेव्हा सरूबाईनंच हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, सगळ्या मळ्याला पेढे वाटले. आरतीला पतसंस्थेत नोकरी लागली, तिला स्कूटर आली. शेजारी भागूच्या घरी तीन माणसं आणि तीन गाड्या. सकाळच्या एसटीत आधी पन्नास माणसं असायची, मग वीस, मग सरूबाई आणि शाळेच्या पाच-सहा पोरी. पुढं पुलाचं काम निघालं म्हणून गाडी फाट्यावरूनच वळायला लागली. मग करोना आला आणि ती पूर्ण बंद झाली. पूल झाला, करोना गेला, गाडी मात्र आली नाही. गावातली चार माणसं अर्ज घेऊन डेपोत गेली तर विचारलं गेलं, "बसणार कोण?" चौघंही मोटारसायकलवरून गेले होते.

त्याच सुमारास सरूबाईला पंचाहत्तर पूर्ण झाली. आता एसटीत तिला तिकीटच नव्हतं, सगळ्या महाराष्ट्रात फिरा, फुकट. सुनीलनं कार्ड काढून आणलं. तिनं ते उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "आन् गाडी?"

एकदा शौर्य, म्हणजे तिचा नातू, तिला मोटारसायकलवरून बाजारला घेऊन निघाला. एका अंगानं बसलेली सरूबाई, वाटेत स्पीडब्रेकर, पोराला दिसला नाही. ती पडली ती खुब्यावरच. महिनाभर दवाखाना, मग सळई, मग काठी. त्या दिवसापासून घरात ठरूनच गेलं की आईला दुचाकीवर बसवायचं नाही. शौर्यनं रडून रडून माफी मागितली होती. तो आता शिकायला पुण्यात असतो. सुनीलनं चारचाकी घेतली तीही "आईला बरं पडंल" म्हणूनच. पण तो चाकणच्या कंपनीत, पाळीनं कामाला. कंपनीची बस त्याला हायवेवरून घेऊन जाते आणि गाडी गोठ्याशेजारी कापड घालून उभी असते. आरतीला ती चालवता येत नाही. गाडीच्या टपावर मांजर झोपतं.

तर तो गुरुवार आला. सकाळी सुनील विहिरीवर गेला आणि तिथून हात काळे करून परतला. पाण्याची मोटार जळाली होती. कांद्याचं रोप नुकतंच लावलेलं, पाण्यावाचून दोन दिवससुद्धा निघाले नसते. मोटार काढून, बांधून घेऊन, पुन्हा बसवेपर्यंत अंधार पडला. "पुढच्या गुरुवारी नक्की, आई," तो म्हणाला. त्याचा चेहरा इतका दमलेला होता की सरूबाईनंच त्याला म्हटलं, "असू दे रं. जेव आधी."

त्या आठवड्यात नात श्रेयानं, तीही पुण्याला होस्टेलवर असते, सगळ्यांना एकत्र जोडून व्हिडिओ कॉल लावून दिला. आरतीनं मोबाइल सरूबाईच्या तोंडासमोर धरला. पलीकडून अमृतनं धरला असावा. आधी भिंत दिसली, मग फिरणारा पंखा, मग सलाईनची बाटली, मग साळूचा कान आणि पांढऱ्या केसांची बट. "मावशी, बोला, तिला ऐकू येतंय," अमृत म्हणाला. सरूबाईला काय बोलावं सुचेना. बाकावर बसून बोलायच्या गोष्टी अशा सगळ्यांसमोर काचेत बघून कशा बोलायच्या? "साळे," ती म्हणाली, "साळे, जेवली का?" तिकडून घशातून घर्रकन काहीतरी आवाज आला आणि चित्र गोठलं.

"बघितलं ना आई? बरी हायत मावशी," आरती म्हणाली. तिला धीर द्यायचा होता.

दुसऱ्या गुरुवारी शौर्यच्या कॉलेजात पालकांना बोलावलं होतं. तिसऱ्या गुरुवारी आरतीच्या चुलतभावाचं लग्न होतं निमगाव सावाला, न जाऊन चालणारच नव्हतं. गाडी निघाली, सरूबाई त्यात बसली, मांडवात एका खुर्चीवर तीन तास बसून राहिली, अक्षता टाकल्या. येताना ती हळूच म्हणाली, "आता हितनं तसंच मंचरला..." सुनीलनं घड्याळाकडं बघितलं. "आई, मला पहाटे चारला उठायचंय." तिला राग आला नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं. प्रत्येकाचं कारण खरं होतं, हेच तिला सोसवेना.

पुढच्या सोमवारी, आरती कामाला गेल्यावर, तिनं धुवट लुगडं नेसलं, पिशवीत दोन भाकरी आणि तिळाची चटणी बांधली, सुनीलचा नंबर लिहिलेला कागद कनवटीला लावला आणि काठी घेऊन निघाली. पूर्वी वीस मिनिटांत तोडायची ती फाट्यापर्यंतची वाट. आज सव्वा तास लागला. दर विजेच्या खांबाला टेकून ती श्वास घेत होती.

फाट्यावर दुधाचा टेम्पो थांबला. जानकू तिच्या ओळखीचा. "मावशे, कुठं निघाली ह्या वयात?"

"नारायणगावला. सोड मला."

"घरी ठाव हाय का?"

"व्हय, ठाव हाय," ती म्हणाली. आयुष्यात ती फार खोटं बोललेली नव्हती. जानकूनं तिला दोन्ही काखांत धरून वर चढवलं, जशी दुधाची किटली चढवावी.

स्टँडवर ती त्या बाकाकडं बघायला गेली नाही. मंचरकडं जाणाऱ्या गाडीची पायरी तिच्या गुडघ्याच्या वर होती. मागून दोन कॉलेजच्या मुलींनी तिला उचलून धरलं. कंडक्टर भला माणूस होता. तो वाकून म्हणाला, "आजी, ही गावात जात नाय. बायपासला उतरावं लागंल. चालंल ना?"

सरूबाईला 'उतरावं लागंल' एवढंच ऐकू आलं. "उतरते की," ती म्हणाली.

तिला उतरवलं तिथं मंचर नव्हतं. नुसता रुंद, पांढरा रस्ता होता, मधे कठडा, आणि दोन्ही बाजूंनी धडधडत जाणारे ट्रक. तिनं उभ्या जन्मात मंचरला उतरून स्टँड, पेठ, रिक्षा पाहिल्या होत्या. इथं सावलीला एक झाड नव्हतं. गावाकडं जाणारा जुना रस्ता पलीकडच्या अंगाला फुटत होता, हे तिला दिसलं. ती रस्ता ओलांडायला सरसावली. दोन पावलं टाकली, तोच एक मोटार हॉर्न देत इतक्या जवळून गेली की वाऱ्यानं पदर उडाला. ती मागं आली. पुन्हा गेली, पुन्हा मागं आली. तिसऱ्यांदा तिचे पाय हललेच नाहीत. ती तिथंच काठीवर भार टाकून उभी राहिली. कडेवर पोर घेऊन नदी ओलांडणाऱ्या बाईला एक रस्ता ओलांडता येईना.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा पंक्चरच्या टपरीतल्या माणसाचं तिच्याकडं लक्ष गेलं. संपत त्याचं नाव. त्यानं तिला टपरीत आणून टायरवर बसवलं, पाणी दिलं, कनवटीचा कागद घेऊन सुनीलला फोन लावला. बोलणं झाल्यावर तो म्हणाला, "मावशी, तुमचं पोरगं येतंय. तुमाला हलू देऊ नका म्हणतंय."

"अरे बाबा, दवाखाना हितं गावातच हाय. तेवढं मला सोड. बहीण हाय माझी."

"सोडलं असतं हो. पण पोरगं लई घाबरलंय. त्यानं निक्षून सांगितलंय."

दोन तास ती त्या टायरवर बसली. दवाखाना मैल-दीड मैलावर होता. ती दर थोड्या वेळानं "सोड रं मला" म्हणत होती आणि संपत दर वेळी खाली बघून पाना घासत होता.

सुनील आला तो मित्राच्या गाडीतून, कंपनीच्या कपड्यांतच. आधी ओरडला. "काय झालं असतं म्हंजी? कुणाला विचारून निघालीस?" मग तिच्यासमोर उकिडवा बसला आणि त्याचा आवाज खाली आला.

"आई, मावशी हितं न्हाई."

सरूबाईनं कान पुढं केला.

"परवाच पुण्याला हलवलंय तिला. तब्येत बिघडली व्हती. अमृतचा फोन आलता. तू जिवाला लावून घेशील म्हणून मीच घरात सांगू नको म्हणलं."

तिनं पिशवीकडं बघितलं. "भाकरी कडक झाल्या असत्याल," एवढंच म्हणाली. भाकरी तिनं संपतला दिल्या. तो नको म्हणाला, तरी दिल्या.

साळुबाई त्यानंतर पाचव्या दिवशी, शनिवारी सकाळी पुण्याच्या दवाखान्यातच वारली. फोन आल्यापासून अर्ध्या तासात सुनील पाळी सोडून निघाला होता. गाडीवरचं कापड निघालं, मांजर हाकललं गेलं, शेजारच्या भागूनं स्वतः येऊन काच पुसून दिली. आरतीनं पतसंस्थेत नुसता फोन केला तर साहेब म्हणाले, जा, जा. शौर्य आणि श्रेया पुण्याहून परस्पर निघाले. सरूबाईला पुढच्या सीटवर, उशी देऊन बसवलं. गार हवेचा झोत तिच्या तोंडावर येत होता. गाडी कुठंही थांबली नाही. तासा-सव्वा तासात ती साळूच्या गावी, तिच्या दारात होती.

वाटेत ती एकदाच बोलली. समोर बघत म्हणाली, "मयताला रजा मिळती व्हय रं?"

सुनीलच्या हातात स्टिअरिंग होतं. मागच्या सीटवर आरतीनं डोळ्याला पदर लावला.

साळूला अंगणात ठेवलं होतं. सरूबाईला धरून जवळ नेलं, खाली बसता येईना म्हणून खुर्ची आणली. खुर्चीवरून तिचा हात साळूच्या कपाळापर्यंत पोचला नाही. अमृतनं तिचा हात धरून पुढं ओढला, तरी बोटभर अंतर राहिलंच. मग बायका म्हणाल्या, उशीर होतोय.

दहाव्याला सुनील "चल" म्हणाला, सरूबाई "न्हाई" म्हणाली. तेराव्यालाही न्हाई म्हणाली. त्यानंतर तिनं कुठं जायचं म्हणणंच सोडलं. गाडी बाहेर निघाली की आरती मुद्दाम जवळ येऊन विचारायची, "आई, येता का? नारायणगावला फेरी मारून येऊ. बाजार दिसंल." ती मान हलवायची. सुनील तर आता दर गुरुवारी गाडी काढून, पुसून, तिच्या खाटेसमोर उभी करायचा आणि ती आत वळून झोपायची. त्याला शिक्षा करावी असं तिच्या मनात नव्हतं. जायला कुणी राहिलं नव्हतं, एवढंच. हे ती त्याला सांगू शकली असती, पण सांगून तरी काय होणार होतं?

उन्हाळ्यात सुनीलनं रजा टाकून गवंडी लावला आणि तिच्या खोलीला लागूनच संडास-बाथरूम बांधून घेतलं. भिंतीला धरायला स्टीलचा दांडा, खाली न घसरणारी फरशी, गरम पाण्याचा नळ. खर्चात हात आखडला नाही. झाल्यावर दोघं नवरा-बायको तिला हाताला धरून दाखवायला घेऊन गेले.

"आता उन्हापावसात अंगणात उतरायला नको, आई," सुनील म्हणाला. "सगळं जागच्या जागी."

सरूबाईनं दांडा हातानं चाचपून बघितला. खाटेपासून इथवर अकरा पावलं झाली होती. "चांगलं केलंस," ती म्हणाली, आणि त्याच्या गालावरून हात फिरवला, कारण तो तिच्या तोंडाकडं लहान पोरासारखा बघत होता.

दोन दिवसांनी केर काढताना आरतीनं दाराशी बघितलं आणि विचारलं, "आई, तुमच्या चपला कुठं गेल्या?"

"त्या रानात भांगलायला बाई येती ना, तिला दिल्या," सरूबाई खाटेवरून म्हणाली. "तिला लांबनं चालत यावं लागतंय."